आजची खबर

सेंट रीटा प्राथमिक शाळा, कुडतरी.
खोल्या दोन, इयत्ता चार, पट सव्वीस.
व्हरांड्यातल्या फळ्याची डावी बाजू सिस्टर युलालियांची:
सुविचार, फेस्ताची तारीख, कुणाचा वाढदिवस.
उजवी माझी. म्हणजे मुलांची.
प्रार्थना झाली की एकाने एक खबर सांगायची,
मी ती खडूने उतरवायची.
अट एवढीच, की स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली हवी.
टीव्हीवरची चालत नाही.

ग्लेनीस म्हणाली, आमच्या कोंबडीने
स्कूटरच्या डिकीत अंडं घातलं.
जोव्हियन म्हणाला, पाद्रीबाब बाजारात
बांगड्यांसाठी घासाघीस करत होते, आणि हरले.
ही मी लिहिली नाही.
सिस्टर मात्र मधल्या सुट्टीपर्यंत हसत होत्या.
पाव महागला, ही खबर लॉइडने दिली,
पोदेराचा मुलगा, तिसरीतला,
मान खाली घालून,
जणू भाव त्यानेच वाढवला.

हाऊजीच्या संध्याकाळी जमले अकरा हजार चारशे.
मुतारीच्या फरशीला पुरतील.
छपराचं पुढच्या वर्षी बघू,
असं गेल्या वर्षीही ठरलं होतं.

नोव्हेंबरात एका सकाळी आरॉनने हात वर केला.
"टीचर, आमच्या फ्रीजमध्ये काहीच नाही.
बाबांनी दार उघडं ठेवलंय,
आणि परत लागू नये म्हणून दोरीने बांधलंय."
मी तेवढंच लिहिलं.
कुणी काही विचारलं नाही.
फ्रीजचं दार बांधून ठेवतात ते कधी,
हे इथे दुसरीतल्या पोरालाही कळतं.
स्विंडन कुठे आलं, सांग, म्हटलं तर
म्हणतात, मडगावच्या पुढे. विमानाने.

हजेरीपटावर पट्टी धरून तांबडी रेघ मारली.
पंचवीस.
साहेब तपासणीला आले, सरबत प्यायले,
आकडा विचारला. नावं विचारली नाहीत.

जानेवारीत इरव्वा आली.
वडील गदगचे, आधी चिऱ्याच्या खाणीवर होते,
आता आरॉनच्या बंद घराची राखण करतात,
मागच्या खोलीत राहतात.
कोकणी तिला येत नाही, मराठी तुटकी,
पण 'आमेन' ती सगळ्यांच्या आधी म्हणते,
कारण जेवणाच्या वेळी आमेननंतर
डबा उघडतो.

तीन आठवडे तिचा हात मांडीवरच होता.
मग एका गुरुवारी तो वर आला,
कोपरापर्यंतच.
"कुत्रा. त्या घराचा.
गेटपाशी बसतो. गाडी थांबली की उठतो.
काल माझ्या हातची भाकरी खाल्ली. अर्धी."
अर्धीच का, ग्लेनीसने विचारलं.
"अर्धी मी."

लिहायला वळले तर मागून पंचवीस जण ओरडले,
ब्रूनो, टीचर, त्याचं नाव ब्रूनो!
इरव्वा गोंधळली.
म्हणाली, मी तर त्याला 'बा' म्हणते.
बा म्हणजे काय गं?
"बा म्हणजे... ये."
मग?
"मग तो येतो."

दोन्ही नावं लिहिली. खडू संपत आला होता,
'बा' थोडा पुसट उमटला.
सिस्टरनी चष्मा कपाळावर सरकवून
फोनवर फळ्याचा फोटो काढला, पाठवला.
तिकडे तेव्हा अजून उजाडलंही नसेल.
उत्तर आलं संध्याकाळी, आरॉनच्या आवाजात,
सर्दी झालेल्या नाकाने:
"तिला सांगा, त्याला कानामागे खाजवायला हवं.
डाव्या. उजव्या नाही."
मागे कुठेतरी नळ चालू होता.

शुक्रवारी इरव्वाला ते सांगितलं.
तिने आधी स्वतःचा डावा कान धरून बघितला.

आता उपवासाचे दिवस लागलेत.
डाव्या बाजूला सिस्टरनी ठळक लिहिलं,
शुक्रवारी मांस वर्ज्य.
खाली कुणीतरी, वाकड्या, चिमुकल्या अक्षरात:
कोंबडीला कळवा.
अक्षर मी ओळखलं.
पुसलं नाही.